वाळूत पाणी ओतणारा जगज्जेता

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं ऑफिसात नोकरी केली. हजेरीपट, रजेचे अर्ज, नोटिशी आणि समोर येईल ते टायपिंग, असं माझं काम. इंग्रजी बरं असल्यामुळं बाहेरून कुणी आलं की मला बोलावलं जायचं. मार्च ते जून हा आमचा हंगाम. शाळा उघडायच्या आत गावोगावच्या दुकानांत शर्ट, चड्ड्या, पिनोफ्रॉक पोचले पाहिजेत, त्यामुळं या महिन्यांत मशीनवरच्या बायकांना मान वर करायला सवड नसे. हे दरवर्षीचंच होतं. त्याला कुणी मोहीम म्हणत नव्हतं.

मोहीम हा शब्द आणला धाकट्या साहेबांनी. मोठे साहेब गुडघ्यांमुळं घरी बसले आणि पुण्यात शिकून आलेला त्यांचा मुलगा केबिनमध्ये बसू लागला. तिशीच्या आतबाहेरचं वय. वागायला वाईट नव्हते. मला मॅडम म्हणायचे, जेवलात का म्हणून विचारायचे. पण त्यांना मोठं व्हायचं होतं, आणि मोठं होणं म्हणजे काय हे त्यांनी अशा एका माणसाकडून उचललं होतं, ज्याला मरून तेवीसशे वर्षं होऊन गेली.

मॅसिडोनियाचा तो राजा. विशीत बापाच्या गादीवर बसला, इराण पालथा घातला आणि आपल्या पंजाबपर्यंत आला, तोच. त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मी ते इथं लिहिणार नाही. त्या उन्हाळ्यात ते इतक्या वेळा उच्चारावं लागलं की अजूनही ओठावर आलं की तोंड कडू होतं. कारखान्यात आम्ही त्याला जगज्जेता म्हणायचो, इथंही तेच म्हणते.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, या वर्षीचा हंगाम म्हणजे आपली विजय मोहीम. पुण्याहून ट्रेनर येतील, दोन शनिवार. ते हिंदी-इंग्रजीत बोलतील, तुम्ही मराठीत सांगायचं. आणि आठ पानांची एक पुस्तिका करा. त्याचं आयुष्य, त्याचे गुण. बायकांना कळेल अशा भाषेत."

"सगळं लिहू का?" मी विचारलं.

"सगळं म्हणजे?"

सगळं म्हणजे काय हे तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं. "काही नाही," म्हटलं आणि बाहेर आले.

दोन दिवसांत शिलाईच्या शेडमध्ये त्याचं चित्र लागलं. कुरळे केस, मान जराशी कलती, नजर कुठंतरी लांब. खाली इंग्रजीत एकच शब्द, 'ग्रेट'. शिलाईच्या चार लाईनींना त्यानं जिंकलेल्या शहरांची नावं दिली. त्यातलं एक शहर भूमध्य समुद्राच्या काठचं, टायर नावाचं. पाटी लागली त्या सकाळी त्या लाईनीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या.

"आमची टायर लाईन," मावशी म्हणाल्या. "मग ट्यूब लाईन कुटली म्हनायची?"

मावशी मोहोळकडच्या एका खेड्यातून टेम्पोनं यायच्या. पन्नाशी ओलांडलेली, ओव्हरलॉक मशीनवर बसायच्या. कापडाची कड त्यांच्या हाताखालून अशी सरळ निघायची की तपासणीवाल्या मुली त्यांचं बंडल उघडूनही बघत नसत. सगळ्या लाईनीच्या त्या मावशी होत्या, म्हणून माझ्याही.

पुस्तिकेसाठी मी सात रस्ता चौकाजवळच्या एका वाचनालयात जाऊन बसू लागले. दोन रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी. शाळेत त्याच्याबद्दल आम्हाला एकच गोष्ट होती. झेलमच्या काठी हरलेल्या राजाला त्यानं विचारलं, तुला कसं वागवू, आणि तो म्हणाला, राजासारखं. मग यानं त्याला राज्य परत दिलं. ही गोष्ट मला आवडायची. खरं तर तीच लिहावी म्हणून मी गेले होते.

वाचायला बसले आणि दुसऱ्याच दिवशी माझं मन फिरलं. टायर शहरानं त्याला दार उघडलं नाही म्हणून सात महिने वेढा दिला, आणि जिंकल्यावर लढाईतून वाचलेल्या पुरुषांना समुद्राच्या काठानं खांबांवर लटकावलं. बायकामुलं विकली. स्वातच्या खोऱ्यात एका गावच्या भाडोत्री सैनिकांना अभय दिलं, ते बायकापोरांसह गावाबाहेर येऊन टेकडीवर मुक्कामाला थांबले, तेव्हा त्यांना घेरून मारलं. नवरे पडल्यावर त्यांची हत्यारं उचलून बायका लढल्या, असं लिहिलेलं होतं. एका लढाईत ज्या सोबत्यानं त्याचा जीव वाचवला होता, त्याला यानं दारूच्या बैठकीत भाल्यानं भोसकलं. कारण काय, तर तो म्हणाला, हे सगळं तू एकट्यानं नाही जिंकलंस. मग तीन दिवस रडत बसला म्हणे. त्या रडण्याचं लिहिणाऱ्याला फार कौतुक होतं.

मी पेन्सिलीनं वहीत उतरवून घेत होते आणि मान तापत होती. शेडमधल्या त्या पाटीखाली बसून आमच्या बायका पाचवीतल्या पोरींचे फ्रॉक शिवत होत्या.

घरी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं वाचन माझ्यापेक्षा दांडगं. म्हणाले, "मग लिही की असंच."

"नोकरी जाईल."

"मग लिहू नकोस. पण राग सगळा त्या एकावरच काढू नको. कलिंगात लाखभर माणूस मारलं ते आपल्याच सम्राटानं. ज्याच्या चक्रापुढं आपण हात जोडतो त्यानं."

"त्यानं तलवार टाकली नंतर."

"टाकली. आणि मला वाईट वाटतं, असं दगडावर कोरून ठेवलं. फरक असला तर एवढाच, पण तो काय थोडाथोडका आहे का?"

खरं सांगायचं तर तो फरकही मला तेव्हा पुरेसा वाटत नव्हता. दगडावरचं वाचायला कलिंगातलं कोण उरलं होतं, असं मनात आलं. पण आप्पांसमोर बोलले नाही. आमच्या घरात त्या सम्राटाबद्दल असं बोलत नाहीत.

पुस्तिका मी लिहिली. आठ पानं. धैर्य, शिस्त, ध्येय, वेग. झेलमच्या राजाची गोष्ट दोन पानं. टायरचं एक वाक्य: 'सात महिने चिकाटीनं प्रयत्न करून त्यानं हे शहर मिळवलं.' खोटं एकही नव्हतं त्यात. साहेबांना फार आवडली. माझं नाव छापू का म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "किती साध्या आहात तुम्ही."

पहिला शनिवार मेच्या सुरुवातीचा. जेवणाच्या शेडमध्ये बायकांना खाली बसवलं होतं. वर पत्रा, बाजूला कुलर, तोही ट्रेनरच्या तोंडाकडं फिरवलेला. सोलापूरचा मे काय असतो ते सांगायला नको. त्यात मोहिमेचा एक नवा नियम निघाला होता. पाण्याला किंवा बाथरूमला जायचं तर सुपरवायझरकडून लाकडी बिल्ला घ्यायचा. एका लाईनीला दोनच बिल्ले. थंड पाण्याच्या टाकीला दोन नळ होते, त्यातला एक तर एप्रिलपासून बंद. त्यामुळं बिल्ला मिळाला तरी नळावर रांग, आणि रांगेत वेळ गेला की सुपरवायझरची बोलणी.

ट्रेनर चांगला बोलायचा. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, आवाज कमावलेला. त्यानं वाळवंटाची गोष्ट काढली. जगज्जेता हिंदुस्थानातून परत निघालाय. सैन्य वाळवंटातून चाललंय, पाण्याचा थेंब नाही, माणसं वाटेत पडतायत. कुठल्याशा खळग्यात चार घोट पाणी सापडतं. शिपाई ते शिरस्त्राणात धरून राजाकडं आणतात. राजा बघतो, माझ्या सगळ्या माणसांचे घसे कोरडे आहेत. आणि तो ते पाणी सगळ्यांच्या देखत वाळूत ओतून देतो. म्हणतो, तुम्हाला नाही तर मलाही नको.

"इसको कहते हैं लीडर," ट्रेनर म्हणाला.

मी मराठीत सांगितलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सुपरवायझरांनी, मग बायकांनी. टाळ्या थांबल्यावर मावशींनी बसल्या जागेवरून हात वर केला.

"मॅडम, त्यास्नी इचारा की, पानी वतलं कशाला?"

"कुणालाच नव्हतं मावशी, म्हणून त्यानं पण घेतलं नाही."

"घ्याचं नव्हतं तर नव्हतं. वतायचं कशाला? येकादं आजारी मानूस असंल की तितं, त्याच्या तोंडात घालायचं. न्हायतर ज्यानं हुडकून आनलं त्याला तरी द्यायचं. हितं आमाला पाचव्या दिवशी पानी येतंय. आमी भांडी धुतलेलं पानी सुदिक टाकत न्हाय. आन त्यो वाळूत वततोय, त्याचं कवतिक व्हय?"

दोघीतिघी हसल्या. मावशी हसत नव्हत्या.

"आन दुसरं इचारा. तसल्या वाळवंटात त्यास्नी न्हेलं कुनी? त्यानंच ना?"

ट्रेनर माझ्याकडं बघून म्हणाला, "क्या पूछ रही हैं?" साहेबही बघत होते.

मला उत्तर ठाऊक होतं. वाचनालयात वाचलंच होतं मी. दुसरी वाट होती. ते वाळवंट पार करणं आजवर कुणाला जमलं नाही, मग मी करून दाखवतो, या हट्टापायी तो त्या वाटेनं गेला, असंही लिहिलेलं होतं. सैन्याच्या मागं बायकापोरं चालत होती. एका रात्री कोरड्या ओढ्यात मुक्काम पडला, वर कुठंतरी पाऊस झाला आणि लोंढ्यात ती बायकापोरं वाहून गेली. पाण्यावाचून तडफडणाऱ्या लोकांची पोरं पाण्यानं मेली. मावशींचा प्रश्न जसाच्या तसा हिंदीत करायला मला चार शब्द पुरे होते.

"वाळवंटाचं नाव काय, विचारतायत," मी ट्रेनरला हिंदीत सांगितलं.

तो खूश झाला. "मकरान. व्हेरी गुड क्वेश्चन."

"मकरान," मी मावशींना सांगितलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नाव कुटं इचारलं मी," असं हळू म्हणाल्या आणि हात खाली घेतला.

पुढच्या बुधवारी टायर लाईनीतली एक नवी मुलगी मशीनवरच चक्कर येऊन पडली. चौथा महिना लागला होता तिला. दोनदा बिल्ला मागितला होता, दोन्ही बिल्ले बाहेर होते. मावशींनी तिला मांडीवर घेऊन आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, तोंडावर मारलं, तिला उचलून ऑफिसात आणलं. मी पंखा लावला. साहेब धावत आले, गाडी काढून तिला स्वतः दवाखान्यात नेलं. हे मी सांगितलंच पाहिजे. बिलाचं त्यांनीच बघितलं. पण संध्याकाळी मी बिल्ल्यांचं आणि बंद नळाचं काढलं तेव्हा म्हणाले, "आत्ता ऐन हंगामात नियम बदलला तर शिस्त जाईल. नळाचं जूनमध्ये बघू."

मला त्या वेळी साहेबांपेक्षा भिंतीवरच्या त्या कुरळ्या केसांच्या माणसाचा जास्त संताप आला. साहेबांना एरवी असं सुचलं नसतं. मोठ्या साहेबांच्या वेळी बायका पाण्याला उठायच्या आणि पाणी पिऊन येऊन बसायच्या. शिस्त वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हती.

दुसऱ्या शनिवारी साहेब ऑर्डरींसाठी बाहेरगावी होते. ट्रेनरनं पंजाबातल्या बियास नदीची गोष्ट काढली. जगज्जेता बियासच्या काठावर उभा आहे, पलीकडं सगळा हिंदुस्थान पडलाय, आणि त्याचं सैन्य म्हणतं, आता पुढं येत नाही. ट्रेनर हिंदीत म्हणाला, "नेगेटिव्ह माइंडसेट. लीडरचं स्वप्न मोठं होतं, टीमचं मन छोटं होतं. तुम्हाला कोण व्हायचंय? लीडरच्या मागं उभं राहणारे की त्याला मागं खेचणारे?" तो दम घ्यायला थांबला आणि माझ्याकडं वळला.

मी बोलायला लागले. त्यानं सांगितलं ते आधी सांगितलं. मग थांबले नाही.

"ही माणसं आठ वर्षं चालत होती," मी म्हणाले. "घर सोडून आठ वर्षं. अंगावरचे कपडे फाटून गेले होते, जिंकलेल्या मुलखातलं कापड गुंडाळून दिवस काढत होते. घोड्यांचे खूर झिजले होते. त्यात आपल्याकडचा पावसाळा लागला, कितीतरी दिवस उघडीप नाही. त्यांच्यातला एक म्हातारा सरदार उठून राजाला म्हणाला, बरोबर निघालेल्यातले किती राहिलेत ते बघा. जे राहिलेत त्यांना एकदा आईबाप बघायचेत, बायकापोरं बघायचीत. आणि त्याचं बोलून झाल्यावर सैन्यातली माणसं रडली."

मागं बसलेल्या बायकाही पुढं सरकल्या होत्या. ट्रेनर मान हलवत होता. आपल्या बोलण्यानं बायका एवढ्या गुंग झाल्या असं त्याला वाटलं असावं.

"मग आयकलं का राजानं?" मावशींनी विचारलं.

"तीन दिवस तंबूत रुसून बसला. कुणाला भेटला नाही. त्याला वाटलं लोक मनवायला येतील. कुणी गेलं नाही. मग ऐकलं."

"लडाई केली का त्येंनी त्याच्यासंगं?"

"नाही. फक्त पुढं गेले नाहीत."

मावशींनी "हां" म्हटलं आणि शेजारणीकडं बघितलं. बास, एवढंच झालं. मी कुणाला काही कर म्हटलं नाही, तसं माझ्या मनातही नव्हतं. मागच्या शनिवारी जे गिळलं होतं ते या शनिवारी ओकले, एवढंच.

त्यानंतर दहा दिवसांनी साहेबांनी रविवारची सुट्टी रद्द केली. हंगाम संपेपर्यंत सातही दिवस काम. नोटीस मीच टाईप केली आणि मीच फळ्यावर लावली. बायकांनी वाचली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसरीनं वाचून दाखवली. मग सगळ्या आपापल्या मशीनवर जाऊन बसल्या.

त्या रविवारी मी नेहमीसारखी गेले. साडेआठला टेम्पो आले, मोहोळकडचा, शहरातला, तिसराही. तिन्ही रिकामे. चालक म्हणाला, "बायका थांब्यावर हुत्या की. पर चढल्याच न्हाईत. आमी रविवारी येत न्हाय म्हनाल्या, आन घरला गेल्या."

चारी लाईनीतून एकही बाई आली नव्हती. शेडमधले पंखे कुणीतरी आधीच चालू करून ठेवलेले. साहेब आत उभे होते, मशीनच्या रांगांमध्ये, एकटे. त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, तुम्ही काय सांगितलंत त्यांना? सुपरवायझर म्हणतो, नदीची गोष्ट तुम्ही वेगळीच सांगितली."

"ट्रेनर सरांनी काढली, ती मी मराठीत सांगितली," मी म्हणाले.

त्यांनी पुढं ताणलं नाही. एका मशीनवर हात ठेवून म्हणाले, "मला वाटलं होतं, त्या माझ्याबरोबर आहेत." हे ते नाटकी बोलले नाहीत. त्यांना खरंच लागलं होतं. त्या क्षणी मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. पाण्यासाठी बिल्ला मागायला लावणाऱ्या माणसाला, बायका आपल्याबरोबर आहेत असं वाटत होतं.

सोमवारी सगळ्या बायका वेळेवर आल्या. साहेब दिवसभर केबिनमधून बाहेर पडले नाहीत. मंगळवारी मला नवी नोटीस टाईप करायला सांगितली: रविवारची सुट्टी पूर्ववत. दुपारी प्लंबर येऊन बंद नळ दुरुस्त करून गेला. बिल्ले मात्र राहिले. हंगाम वेळेत पार पडला, एकही ऑर्डर मागं राहिली नाही. रविवारची सुट्टी घेऊनही बायकांनी सगळे गणवेश शिवून दिले.

जुलैत साहेबांनी माझ्यासमोर एक यादी ठेवली. बारा नावं. करार संपला, पुढं काम नाही, अशी पत्रं करायची होती. बारांतली सात टायर लाईनीतली. पहिलं नाव मावशींचं. चक्कर आलेल्या त्या मुलीचंही होतं.

नदीवरून मागं फिरल्यावर जगज्जेत्यानं सैन्याला मुद्दाम त्या वाळवंटातून नेलं, पुढं यायला नाही म्हणाले त्याची शिक्षा म्हणून, असं काही अभ्यासक मानतात. बाकीचे मानत नाहीत. मला त्या दिवशी त्या वादाचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

"साहेब," मी म्हणाले, "मावशींसारखं ओव्हरलॉक कारखान्यात कुणाचं नाही."

"माहीत आहे मला. पण मॅडम, मोठा निर्णय घ्यायचा म्हणजे भावना बाजूला ठेवाव्या लागतात. त्यानंही हेच केलं."

"त्यानं काय केलं ते मी वाचलंय साहेब. त्याला थोर म्हणायला ज्यांची जीभ उचलते, त्यांनी त्याच्या मागून चालणाऱ्यांचं काय झालं तेही वाचावं."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "पण पुस्तिका तर तुम्हीच लिहिलीत. त्यात तर असं काही नव्हतं."

मी बाहेर येऊन बारा पत्रं टाईप केली. नावं बदलायची, बाकी मजकूर तोच, अर्ध्या तासाचं काम.

मावशींना पत्र मीच दिलं. साहेब दारावरच्या वॉचमनकडं ठेवा म्हणाले होते, पण तेवढं मी केलं नाही. लाईनीत जाऊन हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि हातातलं बंडल संपवलं. मग मशीन पुसलं, कात्री पिशवीत टाकली. ती त्यांची स्वतःची होती.

"तुमाला काय बोलले न्हाईत ना?" त्यांनी मला विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"बरं झालं. तुमी ऱ्हावा. तुमचं वडील घरी हाईत."

आणि मी राहिले. त्यानंतर आणखी तीन वर्षं तिथं नोकरी केली. त्या काळात साहेबांचा कुठल्याशा समारंभात सत्कार झाला, त्याचा फोटो ऑफिसात लागला, त्याची बातमी मीच मराठीत करून वर्तमानपत्रांना पाठवली. मग एका कॉलेजच्या ऑफिसात जागा निघाली तेव्हा सोडली. यात मला अभिमान वाटावा असं काही नाही.

गेल्या वर्षी सात रस्त्याला मावशी दिसल्या. रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या, आधी त्यांनीच ओळखलं. मुलगी अकलूजला दिलेली आहे, आता तिकडंच राहतात. शाळेजवळ मायलेकींनी शिलाईचं छोटं दुकान टाकलंय. सोलापूरला दोरे आणि काजाचं सामान घ्यायला आल्या होत्या. आम्ही शेजारच्या गाड्यावर चहा घेतला. आप्पा गेल्याचं मी सांगितलं, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीच मग कारखान्याचा विषय काढला, त्या पत्राचा. माफी मागायची होती, पण त्यांनी ते पुढं जाऊच दिलं नाही.

"त्यो तुमचा राजा," त्या म्हणाल्या, "त्याचं म्होरं काय झालं? तुमी नदीपातूरच सांगितलं हुतं."

"परत घरी पोचलाच नाही. वाटेत बाबिलोनला तापानं मेला. तेहतीसही पुरी नव्हती."

"आय हुती का?"

"होती. घर सोडल्यावर त्याची-तिची भेटच झाली नाही. पुढं वैऱ्यांनी तिलाही मारलं."

मावशी चुकचुकल्या. "बायकू?"

"बायको पोटुशी होती तेव्हा. मरताना त्याला विचारलं, राज्य कुणाला द्यायचं. तर म्हणे म्हणाला, जो सगळ्यात बलवान असेल त्याला."

"बायकू पोटुशी, आन असं म्हनला?"

"तशी सांगतात गोष्ट. मुलगा झाला. मग सगळे बलवान आपसांत लढले. त्या पोराला आणि त्याच्या आईला कोंडून ठेवलं, आणि पोरगं जाणतं व्हायला लागलं तसं दोघांना मारून टाकलं."

मावशींनी कप खाली ठेवला.

"म्हंजी घरच्यांचं बी केलं न्हाय," त्या म्हणाल्या.

मग घड्याळ बघितलं, अकलूजची गाडी चुकेल म्हणाल्या. मी त्यांना रिक्षा करून दिली. जाताना त्यांनी पत्ता सांगितला, शाळेच्या फाटकासमोर, निळं शटर, दिवाळीत या म्हणाल्या. मी येते म्हटलं. रिक्षा वळेपर्यंत उभी राहिले आणि कॉलेजकडं निघाले. परीक्षेचे फॉर्म तपासायचे पडले होते.